निळा रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निळ्या रंगाबद्दल लोक जे विचारतात, त्यातले बरेच प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: हा रंग आहे तरी कुठे? समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं तर ते बिनरंगी. दूरच्या निळ्या डोंगरापाशी पोचलो तर तो हिरवा, नाहीतर मातकट. मोरपीस कुटलं तर तपकिरी भुकटी. गेरूचा लाल किंवा पानाचा हिरवा चिमटीत धरता येतो. निळा मात्र फार थोड्या ठिकाणी हाती लागतो, बाकी सगळीकडे तो प्रकाशाच्या खेळातून घडत असतो. हाती लागणारा निळा आणि न लागणारा निळा, हा फरक मनात ठेवला की खालची उत्तरं सोपी जातील.

आकाश निळं का दिसतं?

सूर्यप्रकाश पांढरा वाटतो, पण त्यात सगळे रंग असतात. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे अगदीच चिमुकले. इतक्या लहान कणांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि तरंगलांबी जितकी कमी तितका तो जास्त विखुरतो, तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात. निळ्याची तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर, तांबड्याची ६५०. हिशेब मांडला तर निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. म्हणून सूर्य सोडून आकाशात कुठेही पाहिलं, तरी वाट सोडून भरकटलेला हा निळाच डोळ्यांत शिरतो. जॉन स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रॅले, यांनी १८७१ मध्ये हे गणित मांडलं, म्हणून याला रॅले विकिरण म्हणतात.

‘धुळीच्या कणांमुळे आकाश निळं दिसतं’ असं उत्तर आपल्यापैकी पुष्कळांनी परीक्षेत लिहिलं असेल. प्रत्यक्षात धूळ वाढली की आकाश पांढुरकं होतं. पावसानं हवा धुतली गेल्यावर ते किती गडद होतं, ते एकदा लक्ष देऊन बघा.

मग जांभळ्याची तरंगलांबी तर निळ्याहून कमी. आकाश जांभळं का नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं, कारण पहिलं उत्तर नीट कळल्याशिवाय तो सुचत नाही. एक तर सूर्याच्या प्रकाशातच जांभळा भाग निळ्यापेक्षा कमी. दुसरं, आपले डोळे जांभळ्याला फारसे तयार नाहीत. तिसरं, आकाशातून एकच रंग येत नाही. जांभळा, निळा, हिरवा, थोडा पिवळा असं सगळं मिश्रण येतं आणि डोळा त्या मिश्रणाचा अर्थ ‘फिकट निळा’ असा लावतो. म्हणजे आकाशाच्या निळ्यात निम्मा वाटा हवेचा असला, तर निम्मा आपल्या डोळ्यांचा.

सूर्य मावळल्यावर डोक्यावरचं आकाश इतकं गर्द निळं कसं होतं?

ओझोनमुळे. तिरपा प्रकाश ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करून येतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग गिळतो. नुसत्या रॅले विकिरणानं त्या वेळी माथ्यावरचं आकाश निस्तेज दिसायला हवं होतं, हे एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं. दुपारचा निळा आणि कातरवेळेचा निळा, दोन्ही दिसतात एका घरातले, पण आहेत वेगळ्या कुळातले.

दूरचे डोंगर निळे का दिसतात?

‘दुरून डोंगर साजरे’ म्हणताना आपण जो साजरेपणा पाहतो, त्यात बराचसा भाग मधल्या हवेचा असतो. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी जास्त हवा, तितका तिच्यात विखुरलेला निळा प्रकाश डोंगराच्या गडद रंगावर चढत जातो. म्हणून एकामागे एक रांगा असल्या की मागची रांग पुढचीपेक्षा निळी आणि फिकट. चित्रकार खोली दाखवायला हेच वापरतात.

समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे ना?

थोडासाच. प्रतिबिंबाचा वाटा आहे, पण मूळ निळा पाण्याचाच.

रॅले यांचं मतही प्रतिबिंबाचंच होतं. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन युरोपहून ‘नारकुंडा’ जहाजानं परतत होते. वाटेत भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना ते उत्तर पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. विशिष्ट कोनातून प्रिझममधून पाहिलं की पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश गाळून टाकता येतो. रामन यांनी तसं करून पाहिलं. आकाशाचं प्रतिबिंब गेलं आणि समुद्राचा निळा फिका पडण्याऐवजी आणखी खुलला. पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात, हे त्यांनी मांडलं आणि त्याच वाटेनं पुढे जात २८ फेब्रुवारी १९२८ ला ‘रामन परिणाम’ हाती आला: विखुरताना काही प्रकाशाची तरंगलांबीच बदलते. १९३० चं नोबेल त्याचंच.

आज आपल्याला त्यात एक भर घालता येते. पाणी तांबडा प्रकाश थोडाथोडा शोषून घेतं, कारण पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन-ऑक्सिजनचे बंध कंप पावताना तेवढीच ऊर्जा खातात. पेलाभर पाण्यात हे जाणवत नाही, काही मीटर खोलीवर स्पष्ट दिसतं. याचा नितळ पुरावा म्हणजे जड पाणी: त्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं, कंपनं मंदावतात, शोषण अवरक्तात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, सरकतं आणि निळी छटा नाहीशी होते. हिमनदीच्या भेगेतला निळाही याच शोषणाचा.

मोरपिसात निळा रंग असतो का?

नाही. आणि हे वाचून समजण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावं.

माझ्या टेबलावर एक जुनं मोरपीस आहे. दिवा माझ्या पाठीमागे असताना त्याचा डोळा झळझळीत निळा दिसतो, भोवती हिरवं आणि ताम्रवर्णी कडं. तेच पीस मी खिडकीसमोर धरतो, उजेड पलीकडून येईल असं. निळा क्षणात विझतो. उरते मळकट तपकिरी जाळी. पीस तेच, डोळे तेच, फक्त प्रकाशाची दिशा बदललेली.

ती तपकिरी जाळी म्हणजे मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या ओळीनं रचलेल्या असतात. निळ्या भागात दोन कांड्यांमधलं अंतर साधारण १४० नॅनोमीटर, हिरव्या भागात १५०. इतक्या अंतरांवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळताना काही रंग मारले जातात आणि काही उजळतात. दहा नॅनोमीटरच्या फरकानं निळ्याचा हिरवा होतो! रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्येच नोंदवलं होतं की मोरपीस भिजलं की रंग जातात, त्यामुळे ते रंगद्रव्य नसून रचनेचा परिणाम असणार. सूक्ष्मदर्शक तेव्हा नुकता कुठे बाळसं धरत होता.

खंड्या, नीलपंख, दक्षिण अमेरिकेतली मॉर्फो फुलपाखरं, या सगळ्यांचा निळा रचनेचाच. फरक इतकाच की खंड्याच्या पिसात जाळी शिस्तीची नसून स्पंजासारखी असते, म्हणून तो मोरासारखा कोन बदलताच रंग पालटत नाही.

खरं निळं रंगद्रव्य असलेला एकही प्राणी नाही?

आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पॅसिफिकच्या प्रवाळांत राहणाऱ्या मँडरिन माशाच्या त्वचेत निळं द्रव्य भरलेल्या पेशी असतात. निळा देवमासा या यादीत नाही. पाण्याबाहेर तो करडा असतो, पाण्याखालून निळा भासतो.

निळं रक्त असतं का?

ऑक्टोपस, विंचू आणि हॉर्सशू क्रॅब यांचं असतं. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहण्याचं काम लोहाऐवजी तांबं असलेलं हिमोसायनिन करतं आणि ऑक्सिजन धरला की ते निळं होतं.

मग माणसाच्या शिरा निळ्या का दिसतात? अशुद्ध रक्त निळं असतं म्हणून?

हा गैरसमज आता सोडून द्यायला हवा. माणसाचं रक्त कायम लालच: ऑक्सिजन भरपूर असताना लालभडक, कमी असताना गडद लाल. रक्त तपासायला सुईनं काढतात ते शिरेतलंच असतं, नळीत पाहा. तांबडा प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि शिरेतलं रक्त तो शोषतं. निळा प्रकाश वरच्या वरच परततो. त्यामुळे शिरेवरची त्वचा आजूबाजूच्या मानानं कमी लाल असते, आणि ‘मानानं कमी लाल’ याचं भाषांतर मेंदू ‘निळं’ असं करतो.

निळे डोळे?

त्यांतही निळं द्रव्य नाही. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन कमी असलं की तिथे प्रकाश विखुरतो आणि निळा बाहेर येतो. एचईआरसी२ जनुकातल्या एका बदलामुळे शेजारचं ओसीए२ जनुक मंदावतं आणि मेलॅनिन घटतं, हे कोपनहेगनच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं.

फुलांचं काय? गोकर्ण तर चांगलंच निळं असतं.

हो, फुलांचा निळा हाती लागतो. गोकर्णाची चार फुलं कोमट पाण्यात टाका, पाणी निळंशार होतं. त्यात लिंबाचे दोन थेंब पिळा, डोळ्यांदेखत ते जांभळं आणि मग गुलाबी होतं. ही अँथोसायनिन कुळातली द्रव्यं आणि आम्लता बदलली की त्यांचा रंग बदलतो.

निळं होण्यासाठी झाडाला बरीच खटपट करावी लागते. कॉर्नफ्लॉवर नावाचं फूल गर्द निळं असतं, पण त्यातलं मूळ द्रव्य सायनिडिनच, तांबड्या गुलाबात असतं तेच. कॉर्नफ्लॉवरमध्ये ते लोह आणि मॅग्नेशियमशी घट्ट जखडलेलं असतं, म्हणून निळं. हायड्रेंजियाचं झाड आम्लधर्मी मातीत मुळांवाटे अ‍ॅल्युमिनियम शोषतं आणि निळं फुलतं. तेच झाड अल्कधर्मी मातीत गुलाबी. निळा गुलाब मात्र अजून कोणाला जमलेला नाही. सन्टोरी कंपनीनं पॅन्सीचं जनुक घालून तयार केलेला गुलाब २००९ पासून जपानमध्ये विक्रीला आला, पण खरं सांगायचं तर तो फिकट जांभळा आहे.

‘निळा’ शब्द आला कुठून?

संस्कृत ‘नील’ पासून. पण त्या ‘नील’चा पसारा आजच्या निळ्यापेक्षा फार मोठा होता. गडद, काळसर, काळा असं सगळं त्यात मावायचं. नीलगाय पाहिलीत तर लक्षात येईल, नर राखट करडा असतो. मार लागला की अंग ‘काळंनिळं’ पडतं आणि श्रीकृष्ण ‘निळासावळा’ असतो, तिथे ही जुनी सोयरीक मराठीत अजून टिकून आहे.

आणि हा शब्द किती फिरला! नीळ हा रंग व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेला. फारसीत ‘नील’, अरबीत ‘अन-नील’, पोर्तुगीजमध्ये ‘अनिल’. निळीपासून काढलेल्या रसायनाला १९व्या शतकात नाव मिळालं ‘अ‍ॅनिलीन’, आणि त्यावर कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग उभा राहिला. फारसी ‘नीलक’, म्हणजे निळसर, त्याचं युरोपात ‘लायलॅक’ झालं. ‘इंडिगो’ म्हणजे मुळात ग्रीकमध्ये ‘हिंदुस्थानातलं’. उलट दिशेनं आपल्याकडे आले ते फारसी ‘आस्मान’वरून अस्मानी आणि लाजवर्द या निळ्या दगडावरून लाजवर्दी. इंग्रजीतलं ‘अ‍ॅझ्युर’ याच लाजवर्दचं, वाटेत ‘ल’ गळून पडला.

मराठीत मला सगळ्यात आवडतात ते रंगांचे जोडीदार. हिरवा ‘गार’, पांढरा ‘शुभ्र’, काळा ‘कुट्ट’, लाल ‘भडक’, पिवळा ‘धमक’, आणि निळा ‘शार’ किंवा ‘भोर’. यांची अदलाबदल करून पाहा, ‘निळाकुट्ट’ म्हटलं की कानाला खडा लागतो. ‘मोरचूद’ हाही सुंदर शब्द, कॉपर सल्फेटचा. मोरचुदाचा निळा स्फटिक तापवला की त्यातलं पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. पाण्याचा थेंब टाकला की निळा परत येतो.

प्राचीन लोकांना निळा रंग दिसतच नव्हता, हे खरं आहे का?

खरं नाही, आणि हे विधान ज्या आत्मविश्वासानं पसरवलं जातं त्याचं मला वाईट वाटतं. सुरुवात झाली ती एका रास्त निरीक्षणापासून. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ मध्ये होमरच्या महाकाव्यांतले रंगांचे उल्लेख तपासले. त्यांना समुद्र ‘मद्यासारखा’ आढळला आणि निळ्यासाठी स्वतंत्र शब्द सापडेना. ग्रीक ‘क्युआनोस’, ज्यावरून आजचा ‘सायन’ आला, तोही तिथे बहुधा ‘गडद’ याच अर्थी.

यातून ‘शब्द नाही म्हणजे दृष्टी नाही’ अशी उडी मारली गेली. पण होमरच्या कितीतरी शतकं आधी इजिप्तमध्ये लोक वाळू, चुना आणि तांबं भट्टीत भाजून निळं रंगद्रव्य बनवत होते, सुमारे ५,००० वर्षांपूर्वी. माणसानं बनवलेलं हे पहिलं कृत्रिम रंगद्रव्य मानलं जातं. जो रंग दिसत नाही तो बनवण्यासाठी भट्टी कोण पेटवेल?

खरी गंमत शब्दांच्या क्रमात आहे. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये अनेक भाषा तपासून मांडलं की आधी काळा-पांढरा, मग लाल, मग हिरवा-पिवळा आणि त्यानंतर निळा, अशा क्रमानं भाषांत रंगांची नावं येतात. त्यांच्या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण निळा उशिरा येतो हे बऱ्याच भाषांत दिसतं. माझं मत असं: आपण नाव देतो ते वेगळं काढून हाताळता येणाऱ्या रंगाला. आकाश सगळ्यांवर सारखंच होतं, पण निळा रंग भांड्यात घेऊन वापरणारे थोडे होते.

भाषेमुळे निळा वेगळा दिसतो का?

रशियनमध्ये गडद निळा ‘सीनी’ आणि फिकट निळा ‘गलुबोय’, हे दोन स्वतंत्र रंग मानले जातात. २००७ च्या एका प्रयोगात या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा वेगळ्या ओळखताना रशियन भाषकांना किंचित कमी वेळ लागला. मनात आकडे घोकायला लावले की तो फायदा नाहीसा झाला. म्हणजे भाषा डोळ्यांत शिरत नाही, निवड करताना कुजबुजते. उलट जपानी ‘आओ’त निळा आणि पुष्कळसा हिरवाही मावतो. तिथे सिग्नलचा हिरवा दिवासुद्धा ‘आओ’च.

हाती लागणारा निळा माणसानं मिळवला कसा?

कष्टानं. लाजवर्द दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून, सर-ए-संगच्या खाणींतून यायचा आणि युरोपात त्याचा निळा सोन्याच्या तोडीचा मानला जायचा. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये लाल रंग करता करता अपघातानं प्रशियन निळा निघाला. लाजवर्दाच्या निळ्याला अल्ट्रामरीन म्हणतात; तो कृत्रिमरीत्या बनवल्याबद्दल जाँ-बातिस्त गिमे यांना १८२८ मध्ये बक्षीस मिळालं.

निळीची तऱ्हा सगळ्यांत देखणी. आंबवलेल्या हौदातलं पाणी पिवळट-हिरवं असतं. त्यात बुडवलेलं सूत बाहेर येतं तेव्हा हिरवट दिसतं आणि मग हवेतला ऑक्सिजन लागला की काही मिनिटांत ते निळं होत जातं. कारण नीळ स्वतः पाण्यात विरघळत नाही. हौदात तिचं विरघळणारं रूप असतं, ते धाग्यात शिरतं आणि तिथेच पुन्हा नीळ बनून अडकतं. या रंगापायी बंगालच्या रयतेनं १८५९-६० मध्ये उठाव केला आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले, हे विसरून निळीचं कौतुक करू नये. अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८३ मध्ये तिची रचना उलगडली, १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि शेतातली मागे पडली.

२००९ मध्ये ओरेगनमध्ये मास सुब्रमणियन यांच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्ससाठी पदार्थ शोधताना भट्टीतून अचानक झगझगीत निळी पूड निघाली: यिट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांची.

निळ्या एलईडीला नोबेल का मिळालं?

लाल एलईडी १९६२ मध्ये आला. निळ्यासाठी तीस वर्षं लागली, कारण गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं फार अवघड होतं. निळ्याशिवाय पांढरा प्रकाश मिळत नाही. आजच्या बहुतेक पांढऱ्या दिव्यांत आत निळा एलईडी असतो आणि वरचा पिवळा लेप त्यातला काही निळा पिवळ्यात बदलतो. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

मोबाइलच्या निळ्या प्रकाशानं डोळे बिघडतात का? चष्मा घ्यावा का?

दिवसा मोकळ्या आकाशाखाली मिळणारा निळा प्रकाश पडद्याच्या कित्येक पट असतो. डोळे थकतात ते पापणी कमी लवल्यानं आणि जवळ टक लावल्यानं. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात दिसलं नाही. झोपेचा मुद्दा वेगळा. डोळ्यांतल्या काही पेशींत ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला प्रतिसाद देणारं मेलॅनॉप्सिन असतं आणि त्या मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात. म्हणून रात्री पडदा मंद करावा.

निळी ज्योत, निळे तारे: निळा म्हणजे थंड नव्हे का?

नळावरची खूण आकाशात चालत नाही. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन. मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबूस तारा ३,५०० च्या आसपास, राजन्य हा निळसर तारा सुमारे १२,०००. एकाच नक्षत्रात दोघे समोरासमोर आहेत, साध्या डोळ्यांनी फरक कळतो. गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते त्याचं कारण वेगळं. तिथे हवा पुरेशी असते आणि तापलेले अल्पायुषी रेणू स्वतःचा निळा प्रकाश सोडतात. हवा कमी पडली की काजळी धगधगून ज्योत पिवळी होते.

घरी काही करून पाहता येईल?

पारदर्शक पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे चार-पाच थेंब ढवळा आणि अंधारात एका बाजूनं टॉर्च लावा. बाजूनं पाणी निळसर दिसेल, टॉर्चच्या समोरून पाहिलं तर पिवळट-नारिंगी.

दुसरा प्रयोग मला जास्त प्रिय आहे, त्याला फक्त वेळ लागतो. संध्याकाळी एक लाल आणि एक निळं फूल शेजारी ठेवा. दोन्ही सारखीच उजळ वाटतील अशी निवडा. दिवा लावू नका, नुसते बसून राहा. उजेड ओसरू लागला की डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी माघार घेतात आणि अंधारात पाहणाऱ्या पेशी पुढे येतात. त्या निळ्याच्या बाजूनं झुकलेल्या असतात, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. हा बदल यान पुर्किन्ये यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला टिपला होता. अर्ध्या तासात लाल फूल काळं पडतं, आणि निळं मात्र बराच वेळ फिकट राखी होऊन दिसत राहतं.